चुडा कुणाच्या नावानं

पुण्याहून एक मुलगी आली होती, कुठल्याशा संस्थेची. खांद्याला झोळी, पाय धुळीने भरलेले. भोरच्या पेठेत ती एकेका दुकानात शिरून बोलत होती आणि बहुतेक दुकानदार तिला चहा पाजून वाटेला लावत होते. आमच्या बांगड्यांच्या दुकानात आली तेव्हा मी एकटीच होते. ज्या बायका बायकांबरोबर संसार करतात, ज्या पुरुषांचा जीव पुरुषावर जडतो, ज्यांना जन्माने मिळालेलं अंग आपलं वाटत नाही, अशा माणसांसाठी तुमच्यासारख्या छोट्या दुकानदारांना काय करता येईल, असं तिनं विचारलं. एखाद्या दिवसापुरतं नाही हं, वर्षभर, असंही वर बजावलं. जाताना तिनं शटरवर चिकटवायला एक रंगीत स्टिकर दिलं.

मीही तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. खरं तर त्या प्रश्नावर भोरमध्ये माझ्याइतकं बोलू शकेल असं दुसरं कुणी नसेल. पण तिला उपाय हवा होता. आमच्या दुकानाने उपाय करून पाहिला होता, कित्येक वर्षं, आणि त्या उपायानेच घात केला. हे तिच्या झोळीत कुठं घालणार? स्टिकर गल्ल्यात पडून आहे.

आम्ही मणियार. अब्बा लवकर गेले, तेव्हापासून दुकान अम्माचं. पेठेतल्या बायका तिला चाची म्हणत. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर ओळीने लावलेल्या, समोर एक बसकं स्टूल. बाईनं त्यावर बसायचं आणि हात अम्माच्या मांडीवर सोडून द्यायचा. अम्माच्या काही रीती ठरलेल्या होत्या. बाईचा हात मोकळा ठेवायचा नाही, ही पहिली. जुन्या बांगड्या उतरवताना एक मागे ठेवायची, नवी चढली की मग ती काढायची. पहिली नवी बांगडी चढवताना ती विचारायची, ‘कुणाच्या नावानं?’ मग बाई लाजायची, आढेवेढे घ्यायची, शेवटी नवऱ्याचं नाव घ्यायची आणि सोबतच्या बायका खिदळायच्या. भरून झालं की बाई वाकून अम्माला नमस्कार करायची. आम्ही मुसलमान, समोरची मराठ्याची नाहीतर माळ्याची, पण चुडा भरणारीच्या पाया पडायचं ही रीत कुणी मोडत नसे. लहानपणी मला वाटायचं, आपली अम्मा म्हणजे तालुक्यातली फार मोठी असामी आहे.

त्या दोघींची खानावळ कापूरहोळला होती, जिथून भोरचा रस्ता हायवे सोडतो त्या फाट्यावर. पत्र्याची शेड, थोडी बाकडी, गॅरेजवाले आणि ट्रकवाले जेवायला. नाव मी कुणाचंच लिहिणार नाही, थोरली आणि धाकटी एवढं पुरे. थोरली वेल्ह्याकडच्या डोंगरातली. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला टाकून दुसरी केली होती. धाकटी किकवीची. ती लग्नाला उभीच राहायला तयार नव्हती आणि तिच्या भावाने बरीच डोकेफोड करून शेवटी नाद सोडला होता. दोघी कुठं भेटल्या, कशा भेटल्या, ते मला माहीत नाही. लोकांनी त्यांना मावसबहिणी करून टाकलं होतं. दोन बायका एका छपराखाली राहतात म्हटल्यावर लोकांना काहीतरी नातं लागतंच, आणि दोघींनीही त्याला कधी नाही म्हटलं नाही.

एका श्रावणात दोघी बांगड्या भरायला आल्या, तेव्हा बाजार उरकत आला होता. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. थोरलीचा हात मांडीवर घेऊन अम्मानं सवयीनं विचारलं, ‘कुणाच्या नावानं?’ आणि लगेच जीभ चावली, कारण टाकलेल्या बाईला हे विचारत नाहीत. थोरली हसली. तिनं धाकटीकडे पाहिलं, मान खाली घातली आणि धाकटीचं नाव घेतलं. थट्टेत नाही. इतर बायका घेतात तसंच घेतलं. धाकटी उठून दाराशी गेली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते आणि मला वाटलं, ही कसली मस्करी. अम्माला मात्र तेव्हाच कळलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं बांगडी चढवली, दुसरी उचलली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “हितं घेतलंस ते घेतलंस. पुन्हा बी घे. भाईर न्हाई घ्यायचं.”

दोघींनी त्या दिवशी वाकून नमस्कार केला तेव्हा थोरलीनं अम्माचे पाय जरा जास्तच वेळ धरून ठेवले. मी ते पाहिलं आणि मग मला कळलं.

पुढे फाट्यावर कुजबुज सुरू झाली. गॅरेजमधला कुणीतरी काहीबाही बोलला. ज्याच्या जागेत शेड होती तो म्हणाला, बाया कुठल्या, कुणाच्या, काही कळत न्हाई, शेड काढा. थोरली रडत आमच्याकडे आली. अम्मानं पदर खोचला. थोरलीचे दोन्ही हात भरून तिनं हिरवा चुडा चढवला आणि काळ्या मण्यांची पोत काढून तिच्या गळ्यात घातली.

“चाची, मोरपंखी द्या की,” थोरली रडता रडता म्हणाली. तिला मोरपंखी बांगड्यांचा भारी सोस होता.

“मोरपंखी घरात घाल. लोकांच्या डोळ्याला हिरवं दिसाय पायजे.”

मग अम्मानं येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं की फाट्यावरच्या खानावळवालीचा नवरा मुंबईला गोदीत कामाला आहे, सुट्टी मिळाली की येतो, तोवर ती बहिणीला घेऊन पोटापुरतं करते. बांगड्यांच्या दुकानात सांगितलेली गोष्ट बाजार उठायच्या आत तालुकाभर होते. संक्रांतीला जागेच्या मालकाची बायको स्वतः येऊन थोरलीला हळदीकुंकवाला बोलावून गेली. अम्मा त्या दिवशी इतकी खूश होती की तिनं गोड केलं. मलाही अभिमान वाटला. एवढंसं आमचं दुकान, आणि त्यानं दोन माणसांचं घर राखलं.

मग ते तसंच चालू राहिलं. संक्रांत आली, श्रावण आला, गौरी आल्या, दिवाळी आली की दोघी यायच्या. गर्दीत अम्मा मुद्दाम मोठ्यानं विचारायची, ‘कुणाच्या नावानं?’ थोरली मान खाली घालून गप्प बसायची आणि अम्माच सगळ्यांना सांगायची, “लाजती गं, मुंबईवाल्याचं नाव घ्यायला लाजती.” बायका हसायच्या. गर्दी ओसरेपर्यंत दोघी कोपऱ्यात बसून राहायच्या. मग अम्मा मुद्दाम बाजूला ठेवलेली एखादी बांगडी चढवायला घ्यायची, हळूच पुन्हा विचारायची आणि थोरली खरं नाव घ्यायची. एवढ्यासाठी त्या एसटी चुकवायच्या.

धाकटीला अम्मा कधी विचारायची नाही. ती पडली कुमारिका, तिला कसलं नाव? एकदा तिनं हात पुढे केला आणि घुश्शातच म्हणाली, “चाची, मला कधी इचारत न्हाई तुमी.”

“तुला इचारलं तर तू सांगशील,” अम्मा म्हणाली.

आम्ही चौघीही हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

नंतर नंतर मला त्या नाटकाचा राग यायला लागला. मी अम्माशी भांडले. म्हटलं, ज्या नवऱ्यानं तिला लाथ मारून हाकललं त्याच्याच नावाचं हिरवं तू तिच्या हातात भरतेस, दर सणाला, वर लोकांना ऐकवतेस. अम्मा बांगड्या पुसत होती. तिनं मान वर केली नाही. “खरं सांगून त्यांना शेड मिळंल व्हय? मिळत असंल तर तू दे,” ती म्हणाली. माझ्याकडे शेड नव्हती. माझ्याकडे नुसतंच खरं होतं, आणि खऱ्यावर कुणाची चूल पेटत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आधार द्यायचा म्हणजे झाकून घ्यायचं, यापलीकडे आम्हाला काही सुचत नव्हतं. आजही सुचत नाही, म्हणून तर त्या झोळीवाल्या मुलीपुढे तोंड उघडलं नाही.

एका दिवाळीनंतर थोरलीला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग तिला पुण्याला नेलं. धाकटी खानावळ बंद ठेवून तिच्या उशाशी बसून राहिली. थोरली गेली तेव्हा धाकटीनं तिला शेडवर आणलं आणि फाट्याजवळच सगळं उरकायचं ठरवलं. आम्हाला निरोप आला. अम्मा आणि मी सकाळच्या एसटीने गेलो. पण आमच्याआधीच कुणीतरी एसटीडी बूथवरून थोरलीच्या भावाला फोन केला होता, भावाने तिच्या नवऱ्याला गाठलं होतं, आणि वेल्ह्याकडून माणसांनी भरलेला टेम्पो येऊन उभा होता.

नवरा मी पहिल्यांदाच पाहिला. कुणीतरी राकट, दुष्ट माणूस असेल अशी माझी समजूत होती. हा साधा, दमलेला, टोपी हातात धरून बाकड्यावर बसलेला माणूस होता. आयुष्य सगळं भातशेतीत गेलेलं, मुंबईची गोदी त्यानं स्वप्नातही पाहिली नसेल. त्याला बहुधा लवकर घरी जायचं होतं. बोलत होता तो थोरलीचा भाऊ.

“सवाष्ण गेलीय. नवऱ्यानं अग्नी द्यायचा. गावाला न्यायची.”

“त्यानं टाकली हुती हिला,” धाकटी म्हणाली. “कधी तोंड दावलं न्हाई. मी बघितलंय हिचं सगळं. हितंच करणार मी.”

“तू कोण?”

धाकटीनं थोरलीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघालं, “भन.”

“भन?” थोरलीचा भाऊ म्हणाला. “मी हिचा सख्खा भाऊ. मला तू भन कुठनं झालीस?”

शेडमध्ये गॅरेजवाले उभे होते, जागेचा मालक आणि त्याची बायको उभी होती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता फुटतं सगळं. आणि मला हेही आठवतं की मला ते फुटावंसं वाटत होतं.

नवऱ्याची म्हातारी चुलती पुढे आली. अंगाला सूज चढली म्हणून दवाखान्यात थोरलीच्या अर्ध्या बांगड्या उतरवल्या होत्या, अर्ध्या राहिल्या होत्या. म्हातारीनं चादरीतून तिचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दाखवला.

“टाकलेली बाई आसा चुडा भरती व्हय? गळ्यात बी हाय बघा. हिच्या मनात दादलाच हुता की वो. त्याच्या नावानंच भरत हुती ती.”

“चुडा भरणारी हितंच हाय,” मालकाची बायको मध्येच म्हणाली. तिनं भलेपणानेच म्हटलं. “चाचींनाच इचारा.”

म्हातारी अम्माकडे वळली. “सांगा बाई तुमी. कुणाच्या नावानं भरायची ही?”

धाकटीनं अम्माकडे पाहिलं. ती नजर विनवत होती की आव्हान देत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एक नाव घ्यायचं होतं. अम्मानं ते आमच्या दुकानात कितीदा कानांनी ऐकलं होतं. ते तिथं उच्चारलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. कदाचित धाकटीच्या अंगावर हात पडला असता. कदाचित आमचं दुकान राहिलं नसतं, कारण आम्ही पडलो मुसलमान, आमच्या नावाने आणखी दोन गोष्टी निघाल्या असत्या. आणि एवढं होऊनही थोरली टेम्पोतूनच गेली असती. अम्माला हे सगळं दिसलं असणार. तिला नेहमी आधी शेड दिसायची.

ती म्हणाली, “नवऱ्याच्या.”

धाकटीनं नजर काढून घेतली. तिनं मग कुणाशीच वाद घातला नाही.

सवाष्णीला नवी साडी, नवा चुडा लागतो. म्हातारीनं हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, पण सुजलेल्या हातात त्या चढेनात. तिनं पुन्हा अम्मालाच हाक मारली. अम्मा खाली बसली, थोरलीचा हात तिनं नेहमीसारखा मांडीवर घेतला, तेल लावलं आणि एकेक बांगडी चढवत गेली. पहिलीला तिचे ओठ हलले. प्रश्न तोंडापर्यंत आला आणि तिनं तो गिळला. मला तिथं उभं राहवेना, मी बाहेर येऊन रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.

धाकटीला त्यांनी टेम्पोत घेतलं नाही. जागा न्हाई म्हणाले. जागा होती. टेम्पो नसरापूरच्या बाजूला दिसेनासा झाला तरी ती हायवेच्या कडेला उभी होती. अम्मानं तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिनं खांदा काढून घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी ती दुकानात आली. बाजाराचा दिवस नव्हता, पेठ सुनी होती. “शटर अर्धं वढा,” ती म्हणाली. मी ओढलं. ती स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हात अम्मापुढे धरले. “काढा.”

अम्मानं काही विचारलं नाही. साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून ती एकेक बांगडी उतरवू लागली. एकही फुटू दिली नाही. दोन्ही हातांत एकेक राहिली तशी ती थांबली.

“त्या बी,” धाकटी म्हणाली.

“हात मोकळं ठेवत न्हाईत गं.”

“ठेवत्यात. माणूस मेलं की ठेवत्यात.”

अम्मानं त्याही काढल्या. मग सवयीने तिचा हात नळीकडे गेला, हवेतच थांबला आणि मांडीवर परत आला. धाकटी आपल्या उघड्या मनगटांकडे बघत होती. मग तिनं मान वर केली.

“आता इचारा, चाची,” ती म्हणाली. “मला कधी इचारलं न्हाई. आता इचारा, कुणाच्या नावानं.”

शटर अर्धं खाली होतं. ऐकायला आम्ही दोघीच होतो. त्या दिवशी शेड जाणार नव्हती, दुकान जाणार नव्हतं, कुणाचं काही जाणार नव्हतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, अम्मा, विचार. अम्मा उतरवलेल्या बांगड्या फडक्यानं पुसत राहिली. तिनं विचारलं नाही. शेवटची बांगडी पुसून होईपर्यंत धाकटी बसली. मग उठली, वाकून शटरखालून बाहेर गेली. नमस्कार केला नाही. आमच्या दुकानातून नमस्कार न करता गेलेली ती पहिली बाई. अम्मा पुढे बांगड्या भरत राहिली, पण कुणाला नाव विचारणं तिनं सोडलं. गिऱ्हाइकांना वाटलं, चाची म्हातारी झाली, हौस गेली.

खानावळ धाकटीनं एकटीनं थोडे दिवस रेटली. मग हायवे रुंद झाला, शेड गेली, आणि भाऊ तिला किकवीला घेऊन गेला. तिथं ती गोठ्याचं काम करते असं कानावर यायचं. बोलत नाही म्हणे कुणाशी.

कित्येक वर्षांनी ऐन श्रावणात, दुकान बायकांनी भरलेलं असताना, तिची भावजय आली. बाई वाईट नव्हती. वैतागलेली होती.

“चाची, तुमी एकदा किकवीला या. नणंदेच्या हातात बांगडी ठरतच न्हाई. भरली की दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर आपटून फोडती. घरात पोरीचं लगीन ठरतंय. मोकळ्या हातानं समोर फिरती, पाव्हणे काय म्हणतील? तुमचं ऐकंल ती.”

अम्माचे हात तेव्हा कापायला लागले होते, बांगड्या मीच भरायचे. ती मागे गादीवर बसलेली असायची. तिथून ती स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “न्हाई भरायच्या तिला. तिचं माणूस मेलंय.”

 मी हातातली बांगडी तशीच धरून बसले. शेडमध्ये जे म्हणायचं होतं, अर्ध्या शटराआड जे म्हणायचं होतं, ते अम्मानं अखेर भरल्या दुकानात म्हटलं होतं.

“कुणाचं माणूस, चाची?” भावजय म्हणाली. “तिचं लगीन कुठं झालंय?”

“झालतं,” अम्मा म्हणाली. “हितंच झालतं. म्या भरला चुडा.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं डोक्याशी बोट नेऊन खूण केली, दुसरीनं तोंडाला पदर लावला. भावजय माझ्याकडे वळली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, “वय झालंय गं. डाक्टरला दावा एकदा.” मी म्हटलं, तिला सगळं नीट आठवतंय, ती खरं तेच सांगतीये. भावजयीनं माझ्याकडे तशाच दयेनं पाहिलं, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली.

तिथून तिनं हिरव्याच घेतल्या, घट्ट मापाच्या, प्लास्टिकच्या. निघताना लांबूनच मला हात वर करून दाखवल्या, प्रश्न सुटला म्हणून. त्या फुटत नाहीत.